कवडी वांग्याची रोपं

"मग आता हात कुणाचा लावू, माई?"

द्वारकेनं विचारलं.

माई अंगणातल्या बेलाखाली बसून पानं निवडत होत्या. किडकं पान बाजूला, चांगलं तबकात. त्यांनी मान वर केली नाही.

"तुझ्या हाताला काय झालं?"

"तुम्हांला ठाऊक हाय."

"मला न्हाई ठाऊक."

द्वारकेनं बांगड्या उतरलेले दोन्ही हात पदराखाली घेतले, आणि मग हळूच म्हणाली, "कार्तिकात हे गेले. तवापासनं माझ्या हातानं काय उगवत न्हाई."

माईंचं पान निवडणं चालूच राहिलं.

मळेवाडी हे नदीकाठचं गाव. गावावरच्या टेकडीला महादेवाचं देऊळ, आणि देवळाला लागून गोसाव्यांचा जुना मठ. मठात आता एकट्या मथुरागिरी माई राहत. भगवी लुगडी, गळ्यात रुद्राक्ष, गुडघ्यांत वारा भरलेला. कुणी "ॐ नमो नारायण" म्हणून पाया पडलं की त्या "नारायण, नारायण" म्हणत आणि पुन्हा आपल्या कामाला लागत. उपदेश फारसा करत नसत. तरी माणसं टेकडी चढून येत.

मळेवाडीत एक वांगं होतं. पांढरट अंगावर फिक्या जांभळ्या रेघा, देठाला बारीक काटे. कवडीसारखं दिसे म्हणून त्याला कवडी वांगं म्हणत. त्याचं बी बाजारात मिळत नसे. ते द्वारकेच्या सासूकडं होतं, सासूकडून द्वारकेकडं आलं. दर वर्षी माघात ती वाफे करी, बी टाकी, आणि शिमगा झाला की गावातल्या बाया पाट्या घेऊन तिच्या दारात येत. कुणाच्या परसात, कुणाच्या बांधाला, कुणाच्या मळ्यात ती रोपं जात.

द्वारकेच्या हातचं रोप मेलं, असं कधी झालं नव्हतं. लोक म्हणत, तिच्या हाताला गुण आहे.

ती स्वतःही म्हणे.

एकदा खालच्या आळीतल्या गेंदाबाईचं मिरचीचं रोप वाफ्यातच मेलं. गेंदा रडकुंडीला आली, तेव्हा द्वारका चारचौघींत म्हणाली होती, "तुझा हातच जड, बाई. तू आपली तयार रोपं घेऊन जात जा माझ्याकडनं." बाया हसल्या होत्या. गेंदाही हसली होती, पण पुन्हा तिनं वाफा केला नाही.

आणि या वर्षी…

या वर्षी पहिला वाफा चांगला उगवला. दोन-दोन पानांची कोवळी रोपं वर आली, आणि एका सकाळी बघते तर कडेची आडवी. मातीपाशी देठ बारीक झालेला, दोऱ्यासारखा. दुसऱ्या दिवशी मधली. मग सगळी.

दुसरा वाफाही तसाच गेला.

बाया काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. थोरली जाऊ हौसाबाई मात्र एक दिवस परड्यात येऊन उभी राहिली, मेलेल्या वाफ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "द्वारके, वाईट वाटून घेऊ नगंस. पण यंदा बी दुसऱ्या कुणाच्या हातानं पडू दे. सुवासिनीच्या."

घरातलं उरलेलं मूठभर बी द्वारकेनं पदराच्या गाठीत बांधलं होतं. तेवढंच. ते गेलं की कवडी वांगं गेलं. सासूचं, गावाचं, सगळ्यांचं.

तीच गाठ आता तिनं माईंसमोर सोडली.

"तुमच्या हातानं पडू दे, माई."

माईंनी बियांकडं बघितलं. मग तिच्याकडं.

"हाताला गुण असतो असं गावात कोण म्हणायचं?"

"…लोक."

"आणि?"

द्वारका खाली बघत राहिली. "मीबी."

"गुण तू लावलास. मग आता दोष लावायला दुसरं कोण येणार?"

"माई, चेष्टा करू नगा. माझ्या जिवाला घोर लागलाय. सकाळी डोळा उघडला की पहिलं तेच… आणखी किती पडली असतील, तेच."

माईंनी तबक बाजूला सारलं.

"मला वाफ्यातलं काय कळत न्हाई."

"मी सांगते."

"आणि माझ्या हातानं मेली तर?"

"तुमच्या हातानं न्हाई मरायची."

माईंनी बियांची गाठ आपल्याकडं ओढली. मग म्हणाल्या, "बरं. पण एक ध्यानात ठेव. बी मी टाकणार, पाणी मी घालणार. तू बघायचं. हात लावायचा न्हाई."

द्वारकेला हायसं वाटलं. हात लावायचा नाही, हेच तर तिला हवं होतं.

मठाच्या भिंतीलगत वाफा केला. माती तिनं सांगितली तशी चाळली, कुजलेलं शेणखत मिसळलं. माईंनी बोटानं रेघा ओढल्या. वाकड्या. आणि बी टाकायला लागल्या तेव्हा द्वारकेचा जीव वर-खाली व्हायला लागला.

"लई दाट, माई…"

"व्हय का."

"आता पातळ झालं. तिथं काहीच पडलं न्हाई. माई, ते बी खोल गेलं. माती लोटा थोडी. एवढी न्हाई!"

माई थांबल्या. मातीचा हात तसाच धरून म्हणाल्या, "तू असं कर. देवळात जाऊन बस."

द्वारका देवळात जाऊन बसली. नंदीच्या आडून बघत राहिली.

वांग्याचं बी सावकाश उगवतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. थंडी असली की आणखी सावकाश. तरी दुसऱ्या दिवशी ती टेकडी चढून आली. तिसऱ्या दिवशी आली. मठाचं पाणी भरते, झाडलोट करते, असं काहीतरी निमित्त काढायची, आणि घागर उतरवली की वाफ्याच्या कडेला येऊन बसायची.

माती काळी, सपाट. काही नाही.

ती वाकून बघायची. मातीला भेग पडलीय का? ते हललं का? मुंगी होती.

एकदा तिचं बोट मातीपाशी गेलं. एकच बी उकरून बघावं. मोड आला असेल तर जिवाला शांतता तरी मिळेल. बोट टेकलं, आणि आतून माईंच्या खोकल्याचा आवाज आला. तिनं हात मागं घेतला.

टेकडीवर काटेसावर फुलली होती. खाली आंब्यांना मोहोर दिसत होता. दिवसा ऊन चटचटायचं आणि सूर्य कलला की गारठा अंगात शिरायचा. असल्या हवेचा भरवसा नसतो. एक थंड वारं आणि सगळं संपलं, असं तिला वाटत राही.

मग एका सकाळी माती कुठं कुठं उचललेली दिसली. वाकलेले देठ, अजून डोकं मातीत. दुपारपर्यंत त्यांनी डोकी काढली.

द्वारका आनंदानं रडली. आणि लगेच तिला भीती वाटायला लागली. आधीचे वाफेही असेच उगवले होते.

"माई, पाणी घातलं का?"

"सकाळी."

"वरची माती वाळली की."

"वाळू दे. तूच सांगितलंस न्हवं का, मागं एकदा? रोपाला तहान लागू द्यावी म्हणून."

"ते खरं… पण ऊन बघा की."

माई आत निघून गेल्या.

द्वारकेच्या हाताशी तांब्या होता. तिनं नुसती बोटं बुडवली आणि जवळच्या रोपांवर शिंतोडे उडवले. हे काही पाणी घालणं नव्हे. एवढ्यानं काय होतंय. पानांवरचे थेंब चकाकले, तेव्हा तिच्या छातीवरचा दगड घटकाभर हलका झाला.

घरी जाताना तो पुन्हा आला.

दुसऱ्या दिवशी तिनं ओंजळ घातली. त्याच्या दुसऱ्या दिवशी तांब्या. माई पूजेत असत, नाहीतर आत. वाफा भिंतीला लागून होता. वाटेकडच्या बाजूनं तिचा हात जाई तिथपर्यंत ती पाणी देई. भिंतीकडच्या रोपांपर्यंत हात पोचत नसे. त्यांच्यासाठी तिचा जीव तुटायचा, पण वाफ्यात पाय ठेवून जायचं धाडस होत नव्हतं.

सांजेला निघताना ती गोणपाट आणून कडेच्या रोपांवर हळूच घालायची. थंडी लागू नये. सकाळी माईंनी ते काढून ठेवलेलं असायचं. त्या एका शब्दानं विचारत नसत.

आणि मग ते झालं.

नेहमीसारखी ती चढून आली. घागर अजून कमरेवर होती. वाटेकडची रोपं आडवी पडली होती. एक-दोन नव्हे, पट्टाच्या पट्टा. पानं हिरवी होती अजून. देठ मातीपाशी दोऱ्यासारखे.

भिंतीकडची उभी होती.

घागर कधी खाली ठेवली, तिचं तिला कळलं नाही.

माई देवळातून बाहेर आल्या. तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"बघितलंत?" द्वारकेचा आवाज फाटला. "जिथं मी बसते तिथलीच मेली. तुमच्या हातानं पडलेलं बी, तरी मेलं. माझी सावली पडली त्यांच्यावर. हौसाअक्का म्हणाली तेच खरं. माझ्यातच खोट हाय, माई. मी इथं यायलाच नगं हुतं…"

माई वाफ्याच्या कडेला बसल्या. गुडघे कुरकुरले. त्यांनी द्वारकेचं मनगट धरलं आणि तिला खाली ओढलं. मेलेल्या रोपांमधे तिची दोन बोटं मातीत खुपसली.

"काय लागलं?"

द्वारकेनं मान फिरवली.

"काय लागलं म्हणते."

"…चिखल."

माईंनी बोटं बाहेर काढली. तिचा हात तसाच धरून तिला वाफ्याच्या टोकाकडून भिंतीच्या बाजूला नेलं. तिकडं खुपसली.

"आणि हितं?"

माती वर कोरडी होती. खाली गार, मोकळी. बोट सहज आत गेलं.

"माती."

"मला यातलं कळत न्हाई. तुला कळतं. हे कशानं मेलं?"

द्वारकेला कळत होतं. गावातल्या पोरीबाळींना तिनंच शिकवलं होतं. थंडीत पाणी बेतानं. वर माती वाळली तरी खाली बोट घालून बघायचं. भिजल्या वाफ्यावर गोणपाट टाकलं तर रोप कुजतं. हे ती झोपेतही सांगू शकली असती.

"पाण्यानं," ती म्हणाली.

"कुणी घातलं?"

"मी."

"विधवेनं?"

बेलावर एक भोरडी बसली होती. ती उडून गेली.

द्वारका आपल्या चिखलाच्या बोटांकडं बघत होती. घरचा पहिला वाफा तिला आठवला. दुसराही. झोप येईना म्हणून किती वेळा उठून पाणी शिंपडलं होतं, त्याची गणतीच नव्हती.

"भ्यालेलीनं," ती म्हणाली.

माईंनी तिचं मनगट सोडलं.

"तुम्ही बघत होतात, माई?"

"बघत हुते."

"मग बोलला का न्हाई? एवढी रोपं वाचली असती."

"भ्यालेल्या माणसाला आणखी काय भिववायचं…"

ऊन भिंतीवर चढलं.

मग द्वारका बोलायला लागली. माईंकडं न बघता, मातीशी बोलावं तशी.

"त्या दिवशी हे मळ्यात चहा प्याले. म्हणाले, जरा पडतो. खोपीत आडवे झाले. मी कांद्याच्या रोपात तण काढत हुते. एकदा वाटलं, एवढा येळ कसे निजले… जाऊन बघावं. मग म्हटलं, एवढा वाफा उरकते आणि जाते." ती थांबली. "…वाफा उरकला."

माई ऐकत होत्या.

"तवा बघितलं न्हाई, माई. आता बघितल्याबिगर राहवत न्हाई. रोपं काय, म्हस काय, लेक शाळेतनं यायला उशीर झाला तर वाटेवर जाऊन उभी राहते. माणसं म्हणत्यात, येड लागलं हिला. माझी नजर हलली की काय तरी मरणार, असं वाटतं."

माई उठल्या, आत गेल्या, आणि कापसाची टोपली घेऊन आल्या. देवाच्या वातींचा कापूस होता. टोपली तिच्यापुढं ठेवली.

"भिंतीकडची जगली ती जगवायची कशी, तेवढं सांग."

द्वारकेनं डोळे पुसले. "पाणी तोडायचं. मेलेली काढून टाकायची, त्यांची माती उचलायची. ऊन-वारा लागू द्यायचा. दुपारी माना टाकतील. टाकू द्यायच्या."

"टाकू द्यायच्या?"

"व्हय. रोप आईच्या पदराखालीच राहिलं तर रानात टिकत न्हाई."

हे वाक्य ती दर वर्षी बायांना सांगायची. या वेळी ते तोंडातून निघालं आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

"मग बस हितं," माई म्हणाल्या. "वाती वळ."

ती दुपार द्वारका जन्मभर विसरली नाही.

ऊन तापलं. भिंतीकडच्या रोपांची पानं आधी मऊ पडली. मग कडा वळल्या. मग एकेक रोप मान टाकायला लागलं. तिच्या हाताशी पाण्यानं भरलेली घागर होती. माईंनी ती मुद्दाम हलवली नव्हती, की विसरल्या होत्या, कोण जाणे.

द्वारका वात वळायची आणि बघायची. बघायची आणि वळायची. वाती जाड-बारीक होत होत्या.

"माई… थोडंसं?"

"तू सांग."

तिनं ओठ दाबले. "…न्हाई."

थोड्या वेळानं, "माई, ते कडेचं बघा. ते आता न्हाई उठायचं."

"तू सांग."

"…उठंल. बहुतेक उठंल."

"बहुतेक?"

"बहुतेक," द्वारका म्हणाली आणि तिला रडू फुटलं. वात हातातच होती. रडत रडत तिनं ती वळून संपवली आणि दुसरी घेतली.

ऊन उतरलं. ती तशीच उठून घरी गेली. मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पाऊल उचललं नसतं.

सकाळी ती टेकडी चढायला निघाली. अर्ध्या वाटेवर ती एका दगडावर बसली. वाटलं, इथूनच परत जावं. मेली असली तर ती न बघितलेलीच बरी. मग उठली आणि चढली.

कडेचं एक रोप गेलं होतं.

बाकीची उभी होती. रात्रीच्या गारव्यानं ताठ झालेली, पानांचे तळवे वर केलेली.

माई देवळात घंटा वाजवत होत्या. द्वारकेनं त्यांना हाक मारली नाही. तिनं मातीत बोट घालून बघितलं आणि मग पहिल्यांदा, मोजून-मापून, तिथं एक ओंजळ पाणी सोडलं.

पुढं त्या साली मळेवाडीत कवडी वांगं उशिरा आलं. थोडं आलं, पण आलं, आणि बियाला फळं राखूनही भरीत सगळ्या घरांत झालं. मात्र ही गोष्ट तिथं संपत नाही. ती संपते त्याच्या आधी, रोपं काढायच्या दिवशी.

शिमगा होऊन पाडवाही सरला होता. रोपं वीतभर झाली होती, देठ पेन्सिलीसारखे, जांभळसर. निरोप गेला आणि सकाळीच बाया टेकडी चढून आल्या. हौसाबाई पुढं, मागं आळीतल्या सात-आठ जणी. गेंदाही होती, सगळ्यांच्या शेवटी. कुणाच्या हातात पाटी, कुणाच्या हातात ओलं फडकं. नव्या साली भरलेले हिरवे चुडे किणकिणत होते.

द्वारका वाफ्यापाशी उभी होती. रात्रीच पाणी देऊन तिनं माती मऊ करून ठेवली होती.

बायांनी रोपं बघितली. "चांगली धरलीत की," कुणीतरी म्हणालं.

मग सगळ्या उभ्याच राहिल्या.

रोप काढायचं म्हणजे कुणीतरी वाकायचं, बोटं मुळांखाली घालायची, मातीसकट उचलायचं आणि दुसरीच्या पाटीत ठेवायचं. दर वर्षी हे द्वारका करी. पहिलं रोप तिच्या हातून घेताना बाया पदर पुढं करत.

आज कुणी पदर पुढं केला नाही.

हौसाबाई मठाच्या दाराकडं बघून म्हणाली, "माई, तुमच्या हातानं द्या की."

माई दारात आल्या होत्या. उंबऱ्याबाहेरच्या दगडी चौथऱ्यावर उभ्या होत्या.

"माझ्यानं मुळं तुटतील. हिला सांगा."

बायांनी एकमेकींकडं बघितलं.

"आमचं काय न्हाई, माई," हौसाबाई म्हणाली. "द्वारका काय परकी हाय? पण वर्षाची सुरवात… घरात लेकीसुना हायत… म्हणून आपलं…"

वाक्य तिनं पुरं केलं नाही. बाया खाली बघायला लागल्या. एकीनं पाटी या हातातून त्या हातात घेतली.

द्वारकेला वाटलं होतं की आता आपल्याला याचं काही वाटणार नाही. पण तीच जुनी भीती वर आली. न जाणो, यांचं खरं असलं तर? आपण दिलेलं रोप कुणाच्या परसात मेलं तर?

ती दोन पावलं मागं सरली.

"गेंदे, तू काढ," ती म्हणाली. "मी लांबनं सांगते. तुझा हात काय जड न्हाई. मी… मी उगीच म्हणाले हुते."

गेंदानं तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे भरून आले. ती जागची हलली नाही.

"तुम्ही सांगाल तर काढीन," ती शेवटी म्हणाली. "पण पहिलं रोप मी तुमच्याच हातनं घेणार."

"गेंदे!" हौसाबाई दबक्या आवाजात म्हणाली.

खाली नदीच्या अंगाला कुणीतरी बैलांना हाकारत होतं.

तेवढ्यात माई चौथऱ्यावरून उतरायला निघाल्या. एक पाय खाली सोडला आणि गुडघ्यात कळ आली तशा थबकल्या, भिंतीला टेकून.

"माई!"

बाया धावल्या. पाट्या खाली पडल्या. एकदम चार-पाच हात पुढं झाले. हिरव्या बांगड्या खळाखळा वाजल्या. सगळ्यांत पुढं हौसाबाईचा हात होता. माईंना हाताला धरून उतरवायचं म्हणजे केवढं पुण्य.

माईंनी त्या हातांकडं बघितलं, पण एकाचाही धरला नाही.

द्वारका वाफ्यापाशीच उभी होती. सवयीनं दोन्ही हात पदराखाली गेलेले.

माई तशाच, एक पाय वर आणि एक अधांतरी, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आपला सुरकुतलेला हात त्यांनी सगळ्यांच्या डोक्यांवरून तिच्याकडं लांब केला.

"यांचे सगळे भरलेले हायत, द्वारके… तुझा रिकामा दे."